वाटीत अन्न किती, पाणी किती : चावू न शकणाऱ्या वृद्धांच्या आहारशास्त्राची प्रस्तावना

चावता न येणे ही म्हातारपणातली इतकी सर्रास गोष्ट आहे की तिचा स्वतंत्र अभ्यास करावा असे फारसे कुणाला वाटत नाही. दात गेलेले असतात, कवळी टोचते म्हणून डबीत पडून असते, पक्षाघातानंतर तोंडाची एक बाजू ढिली पडते, पार्किन्सनमुळे घास तोंडातच घोळत राहतो, वर्षानुवर्षांच्या सुपारीने तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. कारण कोणतेही असो, घरातला उपाय ठरलेला आहे: ‘पातळ काहीतरी द्या.’ मग पेज सुरू होते, भाताची निवळ सुरू होते, वरणाचे पाणी सुरू होते. आठवड्यापुरते म्हणून सुरू झालेले हे जेवण वर्षभर चालते. या ‘पातळ काहीतरी’मध्ये नेमके काय असावे, किती असावे आणि ते किती पातळ असावे, या प्रश्नांभोवती गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक शास्त्र उभे राहिले आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हे लेखन.

वाचक कोण असेल याचा मी बराच विचार केला. आहारशास्त्राचा विद्यार्थी असेल, परिचारिका असेल, वृद्धाश्रमातला स्वयंपाकी असेल. पण बहुधा ती सासूबाईंचे सगळे करणारी सून असेल, किंवा नोकरी सांभाळून वडिलांचे जेवणखाण पाहणारा मुलगा. त्यांनी बिचकू नये. या विषयातले बरेचसे ज्ञान स्वयंपाकघरात पडताळून पाहता येते, आणि ज्यांच्या हातून रोज घास भरवला जातो त्यांच्याइतके बारीक निरीक्षण कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

सुरुवात वाटीपासून करू. दोन मोठे चमचे, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम तांदळाची पेज केली तर अडीचशे मिलिलिटरची मोठी वाटी सहज भरते. त्या वाटीत ऊर्जा असते सुमारे १०५ कॅलरी, आणि प्रथिने अडीच ग्रॅमांच्या आतच. वृद्धांच्या पोषणाविषयी युरोपातल्या एस्पेन या संस्थेची जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ती वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिने धरायला सांगतात. ५० किलोच्या आजींना म्हणजे १५०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिने हवीत. नुसत्या पेजेवर ही ऊर्जा मिळवायची तर दिवसाला चौदा वाट्या लागतील, आणि प्रथिने मिळवायची तर वीसहून अधिक. प्रत्यक्षात पोटात जातात तीन, फार तर चार. वाटी भरलेली दिसते, पोटही भरते, आणि माणूस उपाशी राहतो.

या उपासमारीचे खरे क्रौर्य पुढे आहे. अन्न कमी पडले की शरीर स्नायू खाऊ लागते. वयाबरोबर स्नायू झडण्याला अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी पोषणशास्त्रज्ञाने १९८९ च्या सुमारास ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले, तेव्हा चर्चा हातापायांच्या स्नायूंची होती. पण जीभ हाही स्नायूच आहे आणि घासाला खाली ढकलणारी घशाची भिंतही स्नायूंचीच. अन्न कमी पडल्याने गिळणे दुबळे होते, गिळणे दुबळे झाले म्हणून अन्न आणखी पातळ केले जाते, आणि आणखी पातळ केल्याने ते आणखी कमी पडते. आजोबा वयामुळे खंगले असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते भुकेने खंगलेले असतात, आणि ते कुणाच्या लक्षात आलेले नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तीच वाटी वेगळी भरून पाहू. ३० ग्रॅम मुगाची डाळ, २० ग्रॅम तांदूळ, दोन चहाचे चमचे तूप, चवीला हिंग-जिरे; कुकरला मऊ शिजवून मिक्सरमध्ये गुळगुळीत केले की अडीचशे मिलिलिटरमध्ये सुमारे २६० कॅलरी आणि साडेआठ ग्रॅम प्रथिने बसतात. नाचणीच्या खिरीत पाण्याऐवजी दूध घालून वर दोन चमचे दूध पावडर मिसळली, तर एका वाटीत ३०० च्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने जातात, आणि कॅल्शियम मिळते ते वेगळे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणत आलो. पण भाजून दळलेले चणे ताकात कालवता येतात, शेंगदाण्याचे बारीक वाटण सारात मुरते, अंडे वरणात घोटून शिजवता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. मधुमेह असेल तर हेही ध्यानात ठेवायचे, की घोटून बारीक केलेले पिठूळ अन्न भाकरीपेक्षा लवकर पचते आणि साखरही लवकर चढवते.

आपल्या परंपरेने याचा विचार केला नव्हता असे कुणी समजू नये. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मंड, पेया, विलेपी असे भाताच्या पातळपणाचे टप्पे आहेत: मंडात शिते नाहीत, पेयेत थोडी, विलेपीत पुष्कळ. वमन-विरेचनानंतरचा संसर्जन क्रम तर पायरी-पायरीने रचलेला आहे. आधी पेया, मग विलेपी, मग डाळीचे यूष, मग मांसरस, असे करत उत्तम शुद्धीनंतर सात दिवसांत रोगी नेहमीच्या जेवणावर येतो. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की या जिन्याला वरचे टोक आहे. पेया ही त्यावरची पहिली पायरी होती, आणि तिथून वर चढायचे होते. घरोघरी आज काय होते, तर माणसाला त्या पहिल्या पायरीवर बसवले जाते आणि वर नेण्याचे कुणाला सुचत नाही. पथ्याचे अन्न आणि कायमचे अन्न यांत हा जो फरक आहे, तो या विषयाचा पाया म्हणायला हरकत नाही.

दुसरी पायाची गोष्ट म्हणजे चावणे आणि गिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्या आजींचे दात गेले आहेत पण गिळणे ठणठणीत आहे, त्यांना द्रव आहाराची गरजच नाही. आटवल, गुरगुट्या भात आणि मेतकूट, तांदळाची उकड, कुळथाची पिठी, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली पोळी, वाफवून ठेचलेला भोपळा, काटे काढलेला मऊ मासा, हे सगळे त्या हिरड्यांनी आणि जिभेने खाऊ शकतात. बिनदातांच्या आज्या छोट्या खलबत्त्यात पान कुटून खात, आणि त्यात कात-चुना बेताचा आहे की नाही यावर त्यांचे बारीक लक्ष असे. अशा माणसाला निवळीवर ठेवणे हा अन्याय आहे.

याउलट गिळणेच बिघडले असेल तर पातळ पदार्थ, त्यातही साधे पाणी, सर्वांत धोक्याचे ठरते. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. हे सारे एका सेकंदाच्या आसपास उरकावे लागते. पाणी वेगाने धावते. ढिल्या पडलेल्या घशाला दार लावायला उशीर झाला की ते श्वासमार्गात शिरते. मग ठसका लागतो. काही रुग्णांना, विशेषतः पक्षाघातानंतर, ठसकाही लागत नाही आणि अन्न गुपचूप फुप्फुसाकडे जात राहते. जेवताना आवाज ओलसर, गुळगुळता होणे, गालात घास साठून राहणे, जेवायला पाऊण तास लागणे, वारंवार ताप येणे, विनाकारण वजन उतरणे या खुणा दिसल्या की थांबावे आणि तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणून टाळूवर थापटण्याची रीत आहे. गिळणे दुबळे झालेल्या माणसाला मात्र पुढे वाकून खोकू द्यावे. आडवे निजवून, मान मागे करून, चमच्याने घशात ओतणे तर अगदीच टाळावे. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसलेले: यासाठी पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो.

हे सगळे कळायला घशाच्या आत पाहावे लागले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांनी बेरियम मिसळलेला घास देऊन चालत्या क्ष-किरण चित्रात गिळणे पाहण्याची पद्धत रुळवली आणि १९८३ मध्ये त्यावरचे पायाभूत पुस्तक लिहिले. सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नाकातून बारीक दुर्बीण घालून तेच पाहण्याची रीत मांडली. तेव्हापासून गिळण्याचा विकार हा वाक्-उपचार तज्ज्ञांच्या कामाचा मोठा भाग बनला. आपल्याकडे मैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या क्षेत्रातले तज्ज्ञ घडवतात. तरीही ‘बोलायला शिकवणाऱ्यांकडे गिळण्यासाठी कशाला जायचे’ असे अजून विचारले जाते. ज्या जिभेने, टाळूने आणि स्वरयंत्राने आपण बोलतो, त्यांनीच गिळतो, म्हणून जायचे.

पातळ म्हणजे किती पातळ? प्रत्येक रुग्णालयाचे, प्रत्येक देशाचे शब्द वेगळे होते. कुणी ‘मधासारखे’ म्हणे, कुणी ‘सरबतासारखे’, आणि मध काही सगळीकडे सारखा दाट नसतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने हा घोळ मिटवला. त्यांनी शून्य ते सात अशा आठ पातळ्या आखल्या. शून्य म्हणजे पाणी, चार म्हणजे चमच्यावर उभे राहणारे गुळगुळीत पुरण, पाच बारीक आणि ओलसर, सहा मऊ लहान तुकडे, सात नेहमीचे जेवण. मोजायला यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानातली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, सुई काढायची, टोकावर बोट ठेवून दहापर्यंत पदार्थ भरायचा, बोट दहा सेकंद काढून पुन्हा लावायचे आणि आत किती उरले ते वाचायचे. एकापेक्षा कमी उरले तर पातळी शून्य, एक ते चार उरले तर एक, चार ते आठ उरले तर दोन, आठाहून जास्त उरले पण थोडे का होईना गळले तर तीन. काहीच गळले नाही तर चमचा कलता करून पाहायचा: गोळा आकार धरून राहावा, हलक्या झटक्याने सरकून पडावा आणि चमच्याला चिकटून राहू नये. सिरिंज मात्र बघून घ्यावी. शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात.

हे माप हाती आले की आपल्या पदार्थांकडे नव्याने बघता येते. उदाहरणार्थ, कोकणातली शितांची पेज. वर पातळ पाणी, खाली शिते, असे दोन वेगळे पोत एकाच घोटात तोंडात येतात. जीभ शिते सावरत असताना पाणी पुढे निसटते. दुबळ्या घशाला असा मिश्र पोत सर्वांत कठीण पडतो, त्यामुळे ज्याला आपण आजाऱ्याचे सर्वांत सोपे अन्न मानतो तेच इथे अडचणीचे ठरते. तीच पेज घोटून एकजीव केली की चालते. दुधातले पोहे, रश्श्यात बुडवलेला पाव, संत्र्याची फोड यांचेही असेच आहे. शेवग्याचे दोरे, पालेभाजीचे देठ, मटाराची साले गाळणीने किंवा पुरणयंत्राने काढून टाकावी लागतात. पोळी मिक्सरला लावली तर चिकट गोळा होतो आणि टाळूला बसतो. भातही गार होता होता चिकटतो, म्हणून तो गरम दुधात, सारात किंवा कढणात घोटून लगेच द्यावा.

पिठाचा आणि लाळेचा संबंध तर प्रत्येक घरात पाहता येईल. नाचणीची दाट खीर वाटीत घ्या, उष्टा चमचा त्यात बुडवत सावकाश भरवा. पंधरा-वीस मिनिटांत खालची खीर पाण्यासारखी होते. लाळेतला अमायलेज पिष्टाचे तुकडे करतो. सुरुवातीला पातळी तीनची असलेली खीर शेवटच्या घोटांना शून्याच्या जवळ पोचते, आणि ठसका नेमका तेव्हाच लागतो. उपाय साधा आहे: थोडे-थोडे वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या दाटपणा आणणाऱ्या पावडरींतही कॉर्नफ्लोअरसारख्या पिष्टाच्या पावडरी लाळेने सैल पडतात, झँथन गमच्या पडत नाहीत.

हाच अमायलेज दुसरीकडे आपला मित्र आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळले की त्या पिठात अमायलेज तयार असतो. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी लहान मुलांच्या आहारासाठी यावर काम केले: मोडाचे थोडेसे पीठ दाट लापशीत मिसळले की ती सैल होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मावते. गिळणे चांगले पण चावणे नाही अशा वृद्धासाठी ही युक्ती नामी आहे. गिळणे बिघडलेल्यासाठी तीच चुकीची. रुग्ण कोण आहे ते न पाहता पाककृती देता येत नाही, ती यामुळेच.

अन्न दाट केले की सगळे ठीक झाले, असेही नाही. डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असलेल्या ५१५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर न्यूमोनियाच्या प्रमाणात, हनुवटी खाली करून साधे द्रव पिणारे आणि दाट केलेले द्रव पिणारे यांच्यात ठोस फरक आढळला नाही. दाट द्रव घेणाऱ्यांत शरीरातले पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. दाट पाणी कुणाला आवडत नाही, म्हणून माणसे कमी पितात. लँगमोर यांच्या १९९८ च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: न्यूमोनिया होण्यात गिळण्याच्या बिघाडाइतकाच, किंबहुना जास्त, वाटा होता दुसऱ्याच्या हातून जेवावे लागण्याचा, तोंडाची निगा दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा आणि किडलेल्या दातांचा. जपानमध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे जेवणानंतर नियमाने तोंड स्वच्छ करून पाहिले. न्यूमोनियाचे प्रमाण १९ टक्क्यांऐवजी ११ टक्के राहिले. तेव्हा दात नाहीत म्हणून तोंड धुवायचे सोडू नये. हिरड्या, जीभ, गालांच्या आतली बाजू ओल्या मऊ कापडाने पुसावी, कवळी रात्री काढून घासावी.

जपानचा उल्लेख आला तर तिथला मोठा प्रयत्नही सांगायला हवा. १९८९ पासून तिथे वयाच्या ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवण्याची मोहीम चालू आहे, आणि २००३ पासून बाजारातल्या तयार अन्नावर चार प्रकारचे शिक्के असतात: सहज चावता येणारे, हिरड्यांनी चुरता येणारे, जिभेने चुरता येणारे, चावावेच न लागणारे. शिवाय घोटलेले अन्न पुन्हा मूळ पदार्थाच्या आकारात साच्यात घालून वाढतात. हा आग्रह मला फार पटतो. आपल्याकडे वरण, भात, भाजी, कोशिंबीर सारे एकत्र फिरवून राखाडी रंगाचा एक काला करतात आणि ‘सगळे पोटात गेले’ म्हणून समाधान मानतात. भोपळा वेगळा घोटावा, पालक वेगळा, वरण वेगळे. ताटात तीन रंग दिसू द्यावेत, लिंबू पिळावे, तुपाची फोडणी वरून द्यावी, हे काय आहे ते भरवण्याआधी सांगावे. ऐंशी वर्षे चव कळलेल्या माणसाची चव दातांबरोबर जात नाही, आणि ‘म्हातारपणी जिभेचे चोचले’ हे वाक्य तर कुणीच कुणाला ऐकवू नये.

गोळ्यांविषयी एकच सांगतो: औषध कुटून पेजेत घालण्याआधी विचारावे, कारण सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम शरीरात जातो. नाकातल्या नळीचा प्रश्न मात्र जड आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ती माणसाला तारून नेते आणि गिळणे परतले की काढता येते. डिमेन्शियाच्या अखेरच्या टप्प्यात आहार-नळी घालू नये, प्रेमाने सावकाश हाताने भरवावे, अशी शिफारस अमेरिकेच्या वृद्धरोगतज्ज्ञ संघटनेने २०१४ मध्ये केली आहे. हा निर्णय घेणाऱ्या मुलांना ‘उपाशी ठेवले’ असे नातेवाइकांकडून ऐकावे लागते. त्यांनी ही शिफारस डॉक्टरांबरोबर बसून वाचावी, आणि नातेवाइकांनीही.

२०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती आणि महाराष्ट्रात ती लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. आज ती निश्चितच जास्त आहेत. आपल्या भाषेत पदार्थांची चणचण नाही. कण्हेरी, ताकातल्या कण्या, ज्वारीची आंबील, हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण, कुळथाचे कळण, गोव्याचे तिझान, सातूचे पीठ, पायाचे सूप. पण यांतल्या बहुतेकांचे माप कुठे लिहिलेले नाही. कोणत्या वाटीत धान्य किती ग्रॅम, प्रथिने किती, सिरिंजमध्ये दहा सेकंदांनी किती उरते, गार झाल्यावर किती, हे प्रत्येक तालुक्यातल्या रीतीप्रमाणे नोंदवणे हे या क्षेत्रातले पुढचे मोठे काम आहे. ते परदेशातून कुणी येऊन करून देणार नाही.

म्हणून वाचकाला विनंती. घरातल्या वृद्ध माणसाचे वजन दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला करून वहीत लिहा, आणि ते सलग दोनदा उतरलेले दिसले तर वय झाले म्हणू नका, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गाठा. आजवर अंदाजाने केलेला जो पदार्थ त्यांना उतरतो आणि आवडतो, तो एकदा वजनकाट्यावर आणि सिरिंजमध्ये मोजून लिहून ठेवा आणि शेजारच्या घरालाही द्या.